समोरचा वारा, समोरचं पाणी

ऑलिंपिक आलं की घरातले सगळे भालाफेक आणि नेमबाजी बघतात, मी लिथुआनिया शोधतो. ही खोड लागली २०१२ साली. लंडनला ३० जुलैची संध्याकाळ होती, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. महिलांच्या १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची, म्हणजे बेडकासारखे पाय मारत पोहायच्या प्रकाराची, अंतिम शर्यत होती आणि आठ जणींत एक होती फक्त पंधरा वर्षांची. तिनं १ मिनिट ५.४७ सेकंदांत भिंतीला हात लावला. बीजिंगला २०० मीटरचं सुवर्ण जिंकलेली अमेरिकेची रेबेका सोनी ०.०८ सेकंदानं मागे राहिली. त्या वेगानं पोहताना एवढ्या वेळात माणूस जेमतेम १२ सेंटीमीटर पुढे जातो, म्हणजे अर्धी वीत. मुलीचं नाव रुता मेइलुतीते, जन्म काउनासचा. ‘रुता’ म्हणजे आपल्याकडे परसात लावतात ना, तो सताप. लिथुआनियात त्याला राष्ट्रीय फुलाचा मान आहे. बाळाच्या सर्दीवरच्या औषधाचं नाव असलेली मुलगी ऑलिंपिक जिंकते म्हटल्यावर मला तिचं नाव विसरणं शक्यच नव्हतं.

या देशाची लोकसंख्या २८-२९ लाख. २०११च्या जनगणनेत एकट्या पुणे शहराची याहून जास्त भरली होती. लोकांना वेड बास्केटबॉलचं. पण मैदानी खेळ आणि जलतरणाचे निकाल चाळायला लागलं की एक गंमत दिसते. यांची मोठी पदकं दोनच खिडक्यांवर जमा झालेली असतात. एक थाळीफेक, दुसरी ब्रेस्टस्ट्रोक.

ब्रेस्टस्ट्रोकची गोष्ट लिथुआनिया सोव्हिएत संघात होता, त्या काळापासूनची. १९७६ला माँट्रियलमध्ये अरविदास युओझाइतिसनं १०० मीटरचं कांस्य मिळवलं. हा पुढे तत्त्वज्ञानाचा अभ्यासक झाला आणि लिथुआनियाच्या स्वातंत्र्यासाठी उभ्या राहिलेल्या ‘सायुदिस’ चळवळीच्या संस्थापकांत होता. १९८०ला मॉस्कोत २०० मीटरची दोन्ही सुवर्णं, पुरुषांचं आणि महिलांचं, लिथुआनियन मुलांनीच नेली: रोबेर्तास झुल्पा आणि लिना काचुशीते. लिना तेव्हा सतराची. गळा लिथुआनियाचा आणि त्यातलं पदक सोव्हिएत संघाचं, असा तो मामला होता. थाळीफेकीतही तेच. रोमास उबार्तास १९८८ला सोलमध्ये सोव्हिएत संघाकडून दुसरा आला, पूर्व जर्मनीच्या युर्गेन शुल्टच्या मागे. चार वर्षांनी बार्सिलोनात त्याच शुल्टला मागे टाकून त्यानं ६५.१२ मीटर थाळी फेकली आणि स्वतंत्र लिथुआनियाला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. हा शुल्ट लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

एवढ्याशा देशात याच दोन प्रकारांची परंपरा का रुजली? चांगल्या प्रशिक्षकाचे चेले पुढे प्रशिक्षक होतात आणि घराण्याची गायकी चालावी तसं तंत्र चालत राहतं, असं मला वाटतं. दोन्ही प्रकार नुसत्या ताकदीचे नाहीत, बारकाव्यांचे आहेत. आणि दोन्हींत खरा प्रतिस्पर्धी शेजारच्या पट्ट्यातला नसतो. एकीकडे तो हवा असते, दुसरीकडे पाणी.

आधी हवेचं बघू.

पुरुषांची थाळी २ किलोची, व्यास साधारण २२ सेंटीमीटर. फेकायचं वर्तुळ अडीच मीटरचं. लिथुआनियन भाषेत चाक आणि वर्तुळ दोन्हींना ‘रातास’ म्हणतात, तो आपल्या ‘रथा’चा दूरचा भाऊ. (अग्नीला ते ‘उग्निस’ म्हणतात आणि धुराला ‘दूमास’. भाषाशास्त्रवाले या भाषेवर उगाच जीव टाकत नाहीत.) या रातासात खेळाडू फेकीच्या दिशेला पाठ करून उभा राहतो, दीड गिरकी घेतो आणि थाळी सोडतो. सत्तर मीटरच्या आसपासच्या फेकीत थाळी हातातून सुटते तेव्हा तिचा वेग सेकंदाला २५ मीटर असतो, ताशी ९० किलोमीटर.

थाळी मुठीत धरत नाहीत. बोटांची शेवटची पेरं तिच्या कडेवर अडकवलेली असतात, बस्स. गिरकीच्या शेवटी ती २ किलोची थाळी बाहेर पळायला बघते आणि तिला वर्तुळात राखायला शंभर किलोंहून जास्त ओढ लागते. क्विंटलभर ज्वारीचं पोतं चार पेरांवर तोलण्यासारखं आहे हे. इथं लांब हाताचा फायदा उघड आहे. गिरकी तेवढीच वेगवान असली, तर लांब हाताच्या टोकावरची थाळी जास्त वेगानं फिरते. व्हिर्गिलियुस अलेकनाची उंची २ मीटर आणि पसरलेल्या हातांची लांबी २.२४ मीटर सांगतात. त्यानं सिडनी २००० आणि अथेन्स २००४ अशी दोन सुवर्णं जिंकली. मधल्या काळात तो देशाच्या पंतप्रधानांचा अंगरक्षकही होता. त्या माणसाच्या जवळ जायची हिंमत कोण करणार म्हणा.

आता एक छोटं गणित. हवा नाहीच असं धरून सेकंदाला २५ मीटर वेगानं, साधारण ३७ अंशांच्या कोनात, खांद्याच्या उंचीवरून एखादी वस्तू फेकली तर ती ६३-६४ मीटरवर पडेल. प्रत्यक्षात थाळी त्याच्या पुढे जाते. म्हणजे हवा तिला अडवत असतानाच उचलूनही धरते. गोळाफेकीत ही भानगड नाही. गोळ्याला हवा असली काय नि नसली काय, फारसा फरक पडत नाही. थाळी मात्र पंखासारखी वागते.

हे कसं होतं, ते टीव्हीवर हळू गतीत दाखवतात तेव्हा बघण्यासारखं असतं. सुटताना थाळीचा मार्ग जितका वर चढत असतो, तितकी थाळी स्वतः कललेली नसते. तिचं नाक मार्गाच्या थोडं खाली असतं. तर्जनीवरून निसटताना तिला भोवऱ्यासारखी फिरकी मिळालेली असते, आणि फिरता भोवरा आपला कल सहजी सोडत नाही. त्यामुळे मार्ग वाकून खाली यायला लागला तरी थाळीचा कल जवळपास तसाच राहतो. मग उतरणीवर तिचं पोट समोरच्या हवेवर टेकतं आणि ती तरंगत पुढे सरकते. चांगल्या फेकीत शेवटचे पंधरा-वीस मीटर असे मिळतात की, आता पडेल आता पडेल म्हणेपर्यंत ती पडतच नाही. वेग ओसरला की उजव्या हाताच्या खेळाडूच्या थाळीची डावी कड खाली झुकते आणि ती डावीकडे कलंडते. नाक जास्त वर ठेवून फेकली, तर मात्र ती हवेत उभी राहते आणि दगडासारखी खाली येते.

म्हणूनच थाळीला समोरचा वारा हवा असतो. ऐकायला उलटं वाटतं. धावपटूला, लांब उडीवाल्याला पाठीमागून वारा हवा, आणि तो सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असला तर विक्रम धरतच नाहीत. थाळीचं उलट. हवेचा उचल-जोर सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. थाळीचा वेग २५ आणि समोरून ५ मीटरचा वारा आला, तर हवेच्या दृष्टीनं थाळी ३०च्या जवळपास वेगानं येते. वर्ग केला की जोर ४० टक्क्यांच्या घरात वाढतो. अडवणूकही वाढते, पण थाळीचा कल बरोबर ठेवला तर हिशेब फायद्यात राहतो आणि काही मीटर पदरात पडतात. आणि गंमत म्हणजे नियमांत फेकींसाठी वाऱ्याची मर्यादाच नाही.

हे ओळखून अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात रामोना नावाच्या लहानशा गावात, सपाट गवताळ माळावर, वाऱ्याचा अंदाज घेऊन थाळीफेकीच्या स्पर्धा होतात. ना प्रेक्षागृह, ना छत. १४ एप्रिल २०२४ला तिथं व्हिर्गिलियुसचा धाकटा मुलगा मिकोलास अलेकना उतरला आणि ७४.३५ मीटर थाळी फेकून आला. मोडला कोणाचा विक्रम? शुल्टचा. ६ जून १९८६ला नोयब्रांडेनबुर्गमध्ये केलेला ७४.०८ मीटरचा तो विक्रम जवळजवळ ३८ वर्षं टिकला होता. मिकोलासच्या बापानं ३ ऑगस्ट २०००ला काउनासमध्ये ७३.८८पर्यंत मजल मारली होती. वीस सेंटीमीटर कमी पडले, ते मुलानं भरून काढले. वर्षभरानं, १३ एप्रिल २०२५ला, त्याच माळावर त्यानं ७५.५६ मीटर केले.

मग पॅरिस. ७ ऑगस्ट २०२४. ऑलिंपिक विक्रम बापाच्याच नावावर होता, अथेन्सचा, ६९.८९. मिकोलासनं ६९.९७ फेकून तो मोडला. थोड्याच वेळात जमैकाच्या रोजे स्टोनानं ७०.०० फेकली. वीस वर्षांचा घरातला विक्रम मुलाकडे आला आणि त्याच संध्याकाळी घराबाहेर गेला. तीन सेंटीमीटर! सुटतानाच्या वेगात मोजले तर हा फरक सेकंदाला अर्ध्या सेंटीमीटरचा. लिथुआनियाला याची सवय असावी. २०१७च्या लंडन विश्वस्पर्धेत त्यांच्याच आंद्रियुस गुज्युसनं स्वीडनच्या डॅनियल स्टॉलला दोन सेंटीमीटरनं मागे टाकून सुवर्ण घेतलं होतं, ६९.२१ विरुद्ध ६९.१९.

रामोनातले ७५.५६ आणि पॅरिसमधले ६९.९७ एकाच माणसाचे आहेत. मधले साडेपाच मीटर सगळे वाऱ्याचे, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ऑलिंपिकचं दडपण असतं, सहाच फेकी असतात. पण कटोऱ्यासारख्या बंद स्टेडियममध्ये वारा घोटाळतो, एका दिशेनं सलग येत नाही, हेही खरं. काही जण रामोनाच्या विक्रमांना नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. वाऱ्यावर स्वार व्हायलाही कसब लागतं. नवखा तिथं गेला तर थाळी उभी राहून पायाशी पडेल. मात्र आकडे शेजारी-शेजारी मांडून तुलना करू नये. थाळीफेकीचा निकाल वाचताना मी मीटर नंतर बघतो, गावाचं नाव आधी.

पाण्याकडे आलं की असं काही करावं लागत नाही. तलावात वारा नाही, पाण्याचं तापमान ठरावीक, पट्टे आखलेले. २०२५ला सिंगापूरला दिलेली वेळ आणि २०१३ला बार्सिलोनाला दिलेली वेळ सरळ तोलता येते. वेळ शंभराव्या भागापर्यंतच मोजतात, हजाराव्या भागापर्यंत नाही, यामागेही शहाणपण आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागात ब्रेस्टस्ट्रोकवाली जेमतेम पावणेदोन मिलिमीटर सरकते. दोन पट्ट्यांच्या लांबीत बांधकामाचा फरक त्याहून जास्त असू शकतो.

पाणी हवेच्या आठशे पट दाट. त्यात ब्रेस्टस्ट्रोक ही चारही प्रकारांत सर्वांत मंद चाल. रुतानं २०२३ला फुकुओकात ५० मीटरचा विश्वविक्रम केला तो २९.१६ सेकंदांचा. त्याच स्पर्धेत स्वीडनच्या सारा शेस्त्रमनं फ्रीस्टाइलमध्ये तेच अंतर २३.६१ सेकंदांत कापलं. हा साडेपाच सेकंदांचा दंड कशाचा?

गुडघ्यांचा. विहिरीत डबा बांधून पोहायला शिकलेल्यांनी बेडकासारखे पाय मारून बघितलेले असतात. लाथ मारायची तर आधी पाय पोटाकडे ओढावे लागतात, आणि तेव्हा मांड्या समोरच्या पाण्यावर फळीसारख्या आडव्या येतात. त्याच वेळी डोकं श्वासासाठी वर. क्षणभर ब्रेक लागल्यासारखं होतं. मग लाथ, हात बाणासारखे पुढे, शरीर सरळ, आणि वेग पुन्हा वाढतो. प्रत्येक हातामागे हे चालू-बंद होत राहतं. फ्रीस्टाइलमध्ये एक हात ओढत असताना दुसरा तयारीत असतो, त्यामुळे वेग इतका हेलकावत नाही.

या हेलकाव्याची किंमत मोजू. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि तो कापायला लागणारी शक्ती घनानं. समजा एक जण सतत सेकंदाला १.५ मीटर वेगानं पोहतो, १.५चा घन ३.३७५. दुसरा निम्मा वेळ १ मीटर आणि निम्मा वेळ २ मीटर वेगानं. सरासरी तीच, पण घन १ आणि ८, त्यांची सरासरी ४.५. म्हणजे त्याच वेळेत पोचायला तिसरा हिस्सा जास्त शक्ती. हिशेब ढोबळ आहे, पण शहरातल्या सिग्नल-सिग्नलवर थांबणाऱ्या गाडीला पेट्रोल का जास्त लागतं, हे ज्याला कळतं त्याला ब्रेस्टस्ट्रोक कळला. या प्रकारातलं सगळं कसब वेग पडू न देण्यात आहे: गुडघे कमी पुढे घ्यायचे, डोकं गरजेपुरतंच उचलायचं, आणि वेग ओसरायच्या आत पुढचा हात मारायचा. ५० मीटरच्या शर्यतीत तर तरंगायला वेळच नसतो.

रुताचा पुढचा प्रवास सरळ नव्हता. २०१३ला बार्सिलोनात दोन विश्वविक्रम, मग घसरण. उत्तेजक चाचणीसाठी ठावठिकाणा कळवण्यात तीनदा चूक झाली म्हणून २०१९ला दोन वर्षांची बंदी आली, आणि त्याच वर्षी तिनं निवृत्ती जाहीर केली. नैराश्याबद्दल ती उघडपणे बोलली आहे. पण ती परतली, आणि २०२२ ते २०२५ या चारही विश्वस्पर्धांत ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण तिचंच.

ब्रेस्टस्ट्रोकचं हे अंतर आजवर ऑलिंपिकमध्ये नव्हतंच. २०२८ला लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा असेल. रुता तेव्हा ३१ची असेल, मिकोलास २५चा. लॉस एंजेलिसची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. तेव्हा जागरण नाही. कढईत पोहे परतताना स्क्रीनकडे एक डोळा ठेवला की झालं.