फिलिपिन्समधील बँकांच्या कुटुंबकेंद्री जाहिराती

फिलिपिन्समधील बँका ठेवी, गृहकर्जे आणि पैसे पाठवण्याची सेवा विकताना व्याजदराआधी घरच्या माणसांची गोष्ट सांगतात. परदेशात राबणारी आई, धाकट्यांच्या शिक्षणासाठी स्वतःचे लग्न लांबवणारी थोरली बहीण, नातवंडांना सांभाळणारी आजी ही या जाहिरातींतली नेहमीची माणसे. या प्रकाराकडे केवळ विक्रीची युक्ती म्हणून पाहणे अपुरे आहे. या देशात पैसा खरोखरच नात्यांच्या वाटेने फिरतो आणि बँकांनी ती वाट ओळखली आहे. मात्र त्या वाटेवर ओझे कोण वाहते, हे याच जाहिराती पुष्कळदा झाकतात.

फिलिपिनो समाजात कुटुंबाला कायद्यानेही मोठे स्थान दिले आहे. १९८७च्या राज्यघटनेतील पंधरावे कलम कुटुंबाला राष्ट्राचा पाया मानते. त्याच वर्षी आलेल्या कुटुंबसंहितेनुसार पती-पत्नी, आईवडील आणि मुले यांच्याबरोबर भावंडांवरही एकमेकांच्या निर्वाहाची जबाबदारी येते. कायद्यापेक्षा जुने आणि जास्त पक्के आहे ते ‘उतांग ना लोओब’, म्हणजे अडीअडचणीत झालेल्या उपकाराची आयुष्यभर बाळगायची जाणीव. आईवडिलांनी वाढवले हा त्यातला सर्वांत मोठा उपकार, आणि तो पुरता फिटतो असे कोणी मानत नाही. म्हणूनच थोरला मुलगा किंवा मुलगी कमावती झाली की धाकट्यांची फी तिने भरावी, हे घरात कोणाला सांगावे लागत नाही. घरात शिरताना वडीलधाऱ्यांचा हात धरून त्याची मागची बाजू कपाळाला लावायची ‘मानो’ची रीतही याच संस्कारातली. पडद्यावर ती दोन सेकंदही घेत नाही, पण घर कसले आहे, मूल कसे वाढले आहे हे प्रेक्षकाला तेवढ्यात कळते. जाहिरातकारांना ती इतकी प्रिय का, हे यावरून समजावे.

या जाहिरातींना खरा जोर आला तो स्थलांतरामुळे. १९७४च्या कामगार संहितेने परदेशातील रोजगाराला सरकारी धोरणाचे रूप दिले. सौदी अरेबिया, अमिराती, हाँगकाँग, सिंगापूर आणि जगभरची मालवाहू जहाजे येथे फिलिपिनो माणसे कामाला जाऊ लागली. १९८८ साली हाँगकाँगमधील घरकामगार स्त्रियांसमोर बोलताना राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांनी त्यांना देशाच्या नव्या वीर म्हटले, आणि ‘बागोंग बायानी’ हे बिरूद परदेशस्थ कामगारांना कायमचे चिकटले. त्यांनी बँकांमार्फत पाठवलेली रोकड २०२४ मध्ये सुमारे ३४.५ अब्ज डॉलर, म्हणजे देशांतर्गत उत्पन्नाच्या सुमारे साडेसात टक्के होती. एवढ्या प्रवाहावर कोणत्याही बँकेची नजर जाणारच.

अडचण अशी की गावाकडची माणसे बँकेची पायरी सहसा चढत नसत. ओळखपत्रे लागतात, किमान शिल्लक ठेवावी लागते, काउंटरपलीकडचा माणूस इंग्रजीत बोलतो. त्यापेक्षा गल्लीतले गहाणाचे दुकान बरे. एम. लुइलिएरसारख्या गहाण-साखळ्या पैसे पोचवण्याचे काम करतात आणि स्वतःला ‘फिलिपिनो कुटुंबाचा पूल’ म्हणवतात. बचतीसाठी तर ‘पालुवागान’ होताच. ही आपल्याकडच्या भिशीसारखीच पद्धत: ठरलेल्या लोकांनी दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरावीक रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकाने सगळी उचलायची. त्यात तारण नसते, ओळख असते. बँकांच्या कुटुंबकथा अशा आपुलकीच्या जागांशी स्पर्धा करण्यासाठी जन्मल्या.

विश्वासाचा प्रश्नही नुसता बोलण्यापुरता नव्हता. छोट्या ठेवीदारांत लोकप्रिय असलेली बांको फिलिपिनो ही बँक १९८५ मध्ये बंद पडली, १९९४ मध्ये पुन्हा उघडली आणि २०११ मध्ये कायमची मिटली. ज्यांच्या घामाचा पैसा असा अडकला, त्यांना आकडे दाखवून भागत नाही. ‘तुम्ही सुरक्षित हातांत आहात’ या अर्थाचे मेट्रोबँकेचे घोषवाक्य अशा पार्श्वभूमीवर वाचायला हवे. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत येणारी ठेव विम्याची ओळही तितकीच महत्त्वाची. हे संरक्षण १५ मार्च २०२५ पासून ठेवीदारामागे ५ लाखांवरून १० लाख पेसो झाले.

१८५१ साली स्थापन झालेल्या बीपीआय या देशातील सर्वांत जुन्या बँकेने तर आपल्या बचत बँकेच्या नावातच ‘फॅमिली’ हा शब्द ठेवला होता. गृहकर्ज आणि वाहनकर्ज ही तिची मुख्य ओळख. १ जानेवारी २०२२ रोजी ती मूळ बँकेत विलीन झाली. बीडीओ या मालमत्तेने सर्वांत मोठ्या बँकेने परदेशस्थांसाठी ‘काबायान’, म्हणजे देशबांधव, या नावाचे बचत खाते काढले. परदेशातून अधूनमधून पैसे येत राहिले की त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. कुटुंबाची भाषा इथे खात्याच्या अटींतही उतरली आहे, आणि माझ्या मते नुसत्या भावुक चित्रफितीपेक्षा तिचे मोल जास्त आहे. मध्यवर्ती बँकेने २०१८ मध्ये फार तर १०० पेसोंत उघडता येणाऱ्या, किमान शिल्लक नसलेल्या मूलभूत खात्याची सोय केली, त्यानेही दार रुंद झाले. प्रौढांतील खातेधारकांचे प्रमाण मध्यवर्ती बँकेच्या पाहणीत २०१९ मध्ये २९ टक्के होते, ते २०२१ मध्ये ५६ टक्क्यांवर गेले. त्यातली मोठी झेप मात्र महामारीच्या काळात मोबाइलवरील पैशाच्या पाकिटांनी मारली.

हंगाम नाताळचा. फिलिपिन्समध्ये सप्टेंबर लागताच दुकानांत नाताळची गाणी वाजू लागतात, आणि १९७५च्या अध्यक्षीय आदेशानुसार तेराव्या महिन्याचा पगार २४ डिसेंबरपर्यंत हातात पडावा लागतो. याच काळात बँकांच्या भावपूर्ण चित्रफिती दिसतात. त्यांचा साचा ओळखीचा आहे. खिडकीत ‘पारोल’, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचा कंदील. मध्यरात्रीच्या ‘नोचे बुएना’ भोजनासाठी मांडलेले टेबल आणि त्यावर एक रिकामी खुर्ची. फोनच्या पडद्यावर आई. तिच्यामागे तिचे स्वतःचे घर नसते, मालकाच्या स्वयंपाकघरातल्या फरश्या असतात. मूल तिला ‘नाय’, म्हणजे आई, म्हणून हाक मारते, ती ‘आनाक’, म्हणजे बाळा, म्हणते, आवाज जरा दाटतो. मग पैसे पोचल्याचा संदेश येतो. बँकेचे नाव सहसा इथेच, अगदी शेवटी दिसते. पैसे पाठवण्याच्या जाहिराती बहुधा टागालोग या तिथल्या भाषेत असतात. शहरी ग्राहकांसाठीच्या गृहकर्जाच्या किंवा गुंतवणुकीच्या जाहिरातींत इंग्रजी वाढते आणि अंगणात मोटार दिसू लागते.

त्या चित्रात काय नसते, हेही पाहायला हवे. समाजशास्त्रज्ञ र्‍हासेल पारेन्यास यांनी परदेशी गेलेल्या मातांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. मागे राहिलेले वडील घरकामाचा भार क्वचितच उचलतात, तो आजी, मावशी आणि थोरल्या मुलीवर पडतो, आणि आईकडून पैशांबरोबर दुरून संगोपनाचीही अपेक्षा राहते, असे त्यांना आढळले. जाहिरात या सगळ्याला त्यागाचा उजाळा देते. ती थोरली मुलगी हसतमुख दाखवली जाते. तिला कधी नकार द्यायचा असेल, असा प्रसंग पटकथेत येतच नाही. एकट्याच्या कमाईवर सारे घर तोलणाऱ्या तरुणांना तिथे ‘ब्रेडविनर’ म्हणतात, आणि त्यांच्या थकव्याची चर्चा आता उघड होते आहे. वृद्ध, आजारी आईवडिलांना न सांभाळणाऱ्या मुलांना शिक्षा सुचवणारे विधेयक २०२५ मध्ये सिनेटर पॅनफिलो लॅक्सन यांनी मांडले, तेव्हा हाच वाद नव्याने पेटला: कृतज्ञता सक्तीने वसूल करायची का, आणि ज्यांना आईबापांनीच टाकले त्यांनी काय करायचे?

बँकांच्याच आवारातून काही वेगळे सूरही उमटले आहेत. २०१८ मध्ये मध्यवर्ती बँक, परदेशस्थ कामगार कल्याण प्रशासन आणि बीडीओ फाउंडेशन यांनी मिळून ‘पिताका’ हा आर्थिक साक्षरतेचा उपक्रम सुरू केला. परदेशी निघालेले कामगार आणि त्यांची घरची माणसे या दोघांनाही त्यात धरले आहे. बचत, कर्जाची परतफेड आणि गुंतवणुकीतली फसवणूक ओळखणे, असे त्यातले विषय आहेत.