वरून लावलेलं औषध आत जातंच

पोटात घ्यायचं नाही, नुसतं वरून लावायचंय, मग त्यानं काय होणार? दुखऱ्या गुडघ्यावर किंवा कंबरेवर झाडपाल्याचा लेप, तेल, मलम लावताना बहुतेक जण असाच विचार करतात. तो अर्धा बरोबर आहे. वरून लावलेल्या औषधाचा रक्तात जाणारा अंश गोळीच्या मानानं सहसा कमी असतो. पण तो किती कमी राहील, हे बरंचसं लावणाऱ्याच्या हातात असतं आणि नेमकं तिथेच बेसावधपणा होतो.

त्वचेचं खरं संरक्षण करतो तो तिचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर. तळहात-तळपाय सोडले तर तो बहुतेक ठिकाणी जेमतेम एक पन्नासांश मिलिमीटर जाड असतो. पेशींच्या फटींमध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले असल्यानं पाण्यात विरघळणारे मोठे रेणू तिथे अडतात. तेलात विरघळणारे लहान रेणू मात्र सहज वाट काढतात. साधारण ५०० डाल्टन (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) ही त्यांच्या वजनाची मर्यादा मानली जाते. कापूर १५२ डाल्टनचा, पुदिन्यातलं मेंथॉल १५६ चं, मिरचीतलं कॅप्सेसिन ३०५ चं. ही द्रव्यं आत पोहोचतात म्हणून तर गुण देतात, आणि पोहोचतात म्हणूनच त्यांचा अपायही होऊ शकतो.

मिरचीचंच बघा. उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. एरवी ते सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पुढे जागं होतं, पण कॅप्सेसिन त्याला थंड त्वचेवरही जागं करतं. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये हे प्रथिन शोधलं आणि त्या वाटेवरच्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. कॅप्सेसिन पुन्हा पुन्हा लावलं की तंतूंची ती टोकं थकतात, बधिर होतात आणि वेदना कमी जाणवते. म्हणजे या जुन्या उपायामागे पक्कं शास्त्र आहे, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं.

यातूनच एक घातक समजूत मात्र रुजली आहे: जितकी आग होईल, तितका गुण येईल. ते खरं नाही. मिरचीची आग ही बऱ्याच अंशी मज्जातंतूंची फसगत असते, तर कच्च्या लसणाच्या किंवा मोहरीच्या लेपाखाली त्वचा खरोखर भाजते. ठेचलेला लसूण काही तास बांधून ठेवल्यानं फोड आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार येतात. बिब्ब्याच्या रसातली द्रव्यं तर तीव्र दाह आणि फोड आणण्यासाठीच कुप्रसिद्ध आहेत. ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहामुळे कमी झाली आहे, त्यांना भाजतंय हे वेळेवर कळतही नाही. अशा पायांवर जळजळणारं काहीही लावू नये.

गंधपुऱ्याच्या, म्हणजे विंटरग्रीनच्या तेलाबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण त्याचा वास ओळखीचा आणि निरुपद्रवी वाटतो. हे तेल जवळजवळ पूर्णपणे मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनचं भावंड. शुद्ध तेलाच्या एका लहान चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून जास्त ॲस्पिरिन गोळ्यांइतकं सॅलिसिलेट असतं. लहान मुलानं ते चुकून प्यायलं तर जीव जाऊ शकतो. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांमध्ये ते नुसतं चोळूनही रक्तस्राव झाल्याची उदाहरणं आहेत.

शोषण वाढवणाऱ्या गोष्टी अगदी साध्या आहेत. लेपावर घट्ट पट्टी, वर शेकायची पिशवी, खरचटलेली त्वचा, सगळ्या पाठीवर केलेलं चोळणं. मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या मलमांमुळे गंभीर भाजल्याच्या घटनांवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१२ मध्ये इशारा दिला होता. त्यांतल्या काही घटना एकदाच लावल्यावर घडल्या होत्या. तान्ह्या बाळांचं वजन कमी आणि त्या मानानं त्वचेचं क्षेत्रफळ जास्त. त्यांच्या बाबतीत कापूर झटके आणू शकतो, म्हणून त्यांच्या अंगाला तो लावूच नये.

बचनाग ही विषारी मुळी वेगळी काढायला हवी. त्यातलं ॲकोनिटिन मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवतं, त्यामुळे आधी मुंग्या येतात, मग जागा बधिर होते. हृदयातही त्याच वाटा असतात. तिथे पोहोचलं तर ठोक्यांची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. शुद्धीकरणात त्याचं विष बरंच उतरतं, पण ते किती उतरलं हे घरी तपासता येत नाही. कच्च्या मुळीचं घरगुती तेल लावूच नये.

ॲलर्जीचं गणित उलटं चालतं. पहिल्यांदा लावल्यावर काही झालं नाही, एवढ्यानं निश्चिंत होता येत नाही, कारण शरीराला एखादं द्रव्य शत्रू म्हणून ओळखायला दहा-पंधरा दिवस लागू शकतात. त्यामुळे नवीन तेल किंवा मलम आधी हाताच्या आतल्या बाजूला छोट्याशा जागेवर, रोज दोनदा, आठवडा-दहा दिवस लावून बघावं. अर्निका या फुलझाडाच्या जेलनं हाताच्या संधिवातात आयबुप्रोफेन या वेदनाशामकाच्या जेलइतकाच आराम मिळाल्याचं संशोधनात दिसलं, पण दुष्परिणाम मात्र त्याहून कमी नव्हते.

लावल्यावर असह्य आग झाली तर साबण आणि साध्या पाण्यानं धुवावं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून मिरचीचं औषध असेल तर आधी खाद्यतेलानं पुसून मग साबण लावावा. फोड आले, कानात आवाज येऊ लागला, श्वास जोरात चालू लागला किंवा छातीत धडधडलं, तर लगेच रुग्णालय गाठावं आणि लावलेल्या औषधाची बाटली सोबत न्यावी.