सावळा चेहरा राखाडी का पडतो?

व्हिडिओ गेममधल्या पात्रांच्या वैविध्यावर वाद झाला की तो बहुतेक वेळा मोजणीवर येऊन थांबतो. मोजणी हवीच. २०२३ साली ५० रोल-प्लेइंग गेमचे (ज्यात खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेतो) संवाद तपासले गेले, तेव्हा पुरुष पात्रांच्या तोंडी स्त्रियांच्या जवळपास दुप्पट शब्द निघाले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला, त्यात नायिकाच भारतीय मुलगी. ही मोठी गोष्ट होती. पण सावळं पात्र गेममध्ये घेतलं म्हणजे ते पडद्यावर नीट दिसेलच असं नाही.

त्वचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश आत शिरताना किती वळतो याचं माप, सुमारे १.४. त्यामुळे समोरून पडलेल्या प्रकाशापैकी साधारण २.८ टक्के पृष्ठभागावरूनच परत फिरतो; हीच चकाकी. वर्ण कोणताही असो, हा आकडा फारसा बदलत नाही. उरलेला प्रकाश आत शिरून विखुरतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, जास्त असेल तर हा आतून येणारा प्रकाश घटतो, म्हणून सावळ्या चेहऱ्यावर चकाकी उठून दिसते. गालाची, नाकाची ठेवण तीच दाखवते.

आता रफनेस, म्हणजे पृष्ठभागाचा खडबडीतपणा ठरवणारा आकडा (० गुळगुळीत, १ पूर्ण खडबडीत), सगळीकडे सरसकट ०.७ ठेवला, तर ती चकाकी पसरून चेहऱ्यावर पांढुरका थर बसतो. राख फासल्यासारखा! कपाळ, नाक, खालचा ओठ इथे ०.३५च्या आसपास आणि गालांवर ०.५ पासून सुरुवात करून बघावं. दुसरी चूक म्हणजे गोऱ्या त्वचेच्या टेक्श्चरवर, म्हणजे पात्रावर चढवलेल्या चित्रावर, सरसकट तपकिरी रंग मल्टिप्लाय करणं, म्हणजे गुणून गडद करणं. त्यानं तळहातही चेहऱ्याइतकेच काळवंडतात; खऱ्या तळहातात मेलॅनिन कमी असतं.

सगळ्यात जास्त घात ऑटो-एक्स्पोजर करतं, म्हणजे दृश्याचा उजेड आपोआप कमी-जास्त करणारी सोय. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याच्या सावलीत पात्र उभं आहे आणि मागे रणरणतं ऊन, असा प्रसंग घ्या. गेम इंजिन (गेम चालवणारं सॉफ्टवेअर) उन्हाकडे बघून एक्स्पोजर उतरवतं आणि चेहरा काळा ठिक्कर पडतो. मग घाईत वर्णच दोन छटा उजळ केला जातो, आणि हे मला अजिबात पटत नाही. एक्स्पोजरची खालची मर्यादा बांधावी, बाजूनं मोठा मऊ दिवा द्यावा. चकाकीसाठी दिव्याची तीव्रता वाढवण्यापेक्षा त्याचा आकार वाढवलेला बरा.

तपासणी सोपी आहे: एकच डोकं, तीन वर्ण, शेजारी १८ टक्के परावर्तनाचा करडा गोळा. दुपारचं ऊन, ढगाळ हवा आणि रात्रीचा पिवळा दिवा, तिन्हींत रेंडर, म्हणजे तयार चित्र, काढा. गोळा नीट दिसत असूनही सावळ्या चेहऱ्याची ठेवण हरवली, तर आधी दिवे आणि रफनेस तपासा. बेस कलरला, म्हणजे त्वचेच्या मूळ रंगाला, हात लावू नका.