दर दहा मिनिटांनी बस, तरी वाट नऊ मिनिटांची

एका मार्गावर दर १० मिनिटांनी बस आहे. घड्याळ न बघता तुम्ही थांब्यावर गेलात, तर सरासरी किती वाट बघावी लागेल? उत्तर चटकन येतं: ५ मिनिटं. कधी बस समोरच उभी असेल, कधी नुकतीच सुटलेली असेल, मधला आकडा पाच. वेळापत्रक आखणाऱ्याच्या कागदावरही पाचच असतात. पण त्या थांब्यावर रोज उभं राहणाऱ्याला विचारा. तो शपथेवर सांगेल, आठ-नऊ मिनिटं जातातच. आणि दोघंही खरं बोलत असतात.

समजा २० मिनिटांत बस दोनच येतात, पण सारख्या अंतराने येत नाहीत. एक गेली की मिनिटभरात दुसरी, आणि मग तिसरीला थेट १९ मिनिटं. तासाला बस सहाच, म्हणजे ठरल्याप्रमाणे. आता तुम्ही थांब्यावर पोचलात तो क्षण त्या एका मिनिटाच्या फटीत पडण्याची शक्यता वीसात एक. उरलेल्या एकोणीस वेळा तुम्ही लांबलेल्या अंतरात सापडणार. तिथली सरासरी वाट साडेनऊ मिनिटं, फटीतली अर्धा मिनिट. दोन्ही आपापल्या प्रमाणात धरली की हिशेब येतो ९ मिनिटं ३ सेकंद. एकही फेरी रद्द झालेली नाही, एकही बस बंद पडलेली नाही, आणि तरी वाट जवळजवळ दुप्पट.

गर्दीचंही तसंच. त्या वीस मिनिटांत थांब्यावर आलेल्या दर वीस माणसांपैकी एकोणीस पुढच्या बसमध्ये कोंबली जातात, मागची एकाला घेऊन निघते. आगारात हिशेब मांडला तर निम्मी आसनं रिकामी गेलेली दिसतात. प्रवाशाला मात्र पाय टेकवायला जागा मिळालेली नसते.

मोठ्या शहराची वाहतूक सुधारायची म्हणजे काय करायचं, या प्रश्नाचं माझं उत्तर इथून सुरू होतं. नवी गाडी दिसते, नवं स्थानक दिसतं, त्यांचे फोटो निघतात. दोन गाड्यांमधलं अंतर कुणाला दिसत नाही. पण आधुनिकीकरणातली जी गोष्ट ते अंतर कमी करते आणि सारखं ठेवते, तिचाच उपयोग थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला होतो, असं मला अगदी मनापासून वाटतं.

बस एकमेकींना चिकटून येतात याचं खापर आपण चालकांवर फोडतो. चालक गप्पा मारत बसले असतील, एकत्र चहा घेऊन निघाले असतील, वगैरे. हा त्यांच्यावर अन्याय आहे. न्यूएल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी १९६४ मध्येच गणिताने दाखवून दिलं की सगळे चालक सारखेच तत्पर असले, तरी बसचा मार्ग मुळातच अस्थिर असतो. टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखा. जराशी ढळली की ढळतच जाते.

हे हातानेच मांडून बघू. थांब्यावर दर मिनिटाला दोन माणसं येतात आणि एक माणूस चढायला ३ सेकंद लागतात असं धरा. एक बस सिग्नलला अडकून एक मिनिट मागे पडली. तिच्यासाठी पुढच्या थांब्यावर नेहमीपेक्षा दोन माणसं जास्त उभी असतील. त्यांना चढायला ६ सेकंद. म्हणजे थांबा सोडताना उशीर ६६ सेकंदांचा झाला, दहा टक्क्यांनी वाढला. त्यापुढच्या थांब्यावर माणसं आणखी जास्त, उशीर पुन्हा दहा टक्क्यांनी वाढला. हे चक्रवाढ व्याज आहे. सात-आठ थांब्यांत उशीर दुप्पट होतो, पंधराव्या थांब्याला चौपट. मागच्या बसचं नेमकं उलटं चालू असतं. तिची माणसं पुढचीने आधीच उचललेली असतात, त्यामुळे ती प्रत्येक थांब्यावरून लवकर सुटते आणि शेवटी पुढच्या बसच्या पाठीला जाऊन टेकते. एकदा टेकली की आपोआप सुटी होत नाही.

आता याच हिशेबात एकच आकडा बदला. चढायला ३ सेकंदांऐवजी १ सेकंद लागू द्या. तिकीट आधीच काढलेलं आहे, सगळी दारं उघडतात, पायरी चढावी लागत नाही. उशिराची वाढ दहा टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांच्या आत येते आणि दुप्पट व्हायला एकवीस थांबे लागतात. बऱ्याच मार्गांवर तेवढ्यात शेवटचा थांबा येतो, तिथे गाडी थोडी विसावते आणि उशीर भरून निघतो. कार्ड टेकवून तिकीट काढण्याच्या सोयीकडे आपण सुट्ट्या पैशांची कटकट मिटली म्हणून बघतो. माझ्या मते तिचं खरं मोल या तीनाच्या एकात आहे. ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९७४ मध्ये बससाठी वेगळे रस्ते राखले, पण तिथली आज जगभर ओळखली जाणारी काचेची नळकांडी स्थानकं १९९१ मध्ये आली. त्या नळकांड्यात शिरतानाच भाडं द्यायचं. आतली जमीन बसच्या जमिनीच्या उंचीला. बस येऊन लागली, फळी पडली, दारं उघडली, माणसं सरळ चालत आत. मेट्रोत जे घडतं तेच, पण बोगदा न खणता.

तरीही अंतर बिघडतंच. अपघात होतो, पाऊस येतो, एखाद्या थांब्यावर शाळा सुटते. मग बसला मुद्दाम थांबवून धरावं लागतं. नियंत्रण कक्षातल्या माणसासमोर पडद्यावर मार्ग एका सरळ रेषेसारखा असतो, त्यावर गाड्यांचे ठिपके सरकत असतात, आणि दोन ठिपके जवळ यायला लागले की तो मागच्या चालकाला सांगतो, दोन मिनिटं उभा राहा. बसमध्ये बसलेल्या चाळीस जणांना हे पटत नाही. रस्ता मोकळा, चालक जागेवर आणि गाडी हलत नाही! त्यांच्या दोन मिनिटांच्या बदल्यात पुढच्या थांब्यांवरच्या कितीतरी लोकांची वाट आटोक्यात राहते, पण ते लोक बसमधल्यांना दिसत नाहीत. चालकाने हे कारण मोठ्याने सांगितलं तर कुरकुर बरीच कमी व्हावी. निदान मला तरी ते ऐकायला आवडेल.

किती वेळ धरून ठेवायचं, हाही अवघड प्रश्न. बार्थोल्डी आणि आयझेनस्टाइन यांनी २०१२ मध्ये एक सुरेख उत्तर मांडलं आणि अटलांटातल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या बसवर ते वापरूनही पाहिलं. वेळापत्रक बाजूला ठेवा, ते म्हणाले. बस ठरलेल्या थांब्यावर आली की मागची बस किती मिनिटं दूर आहे तेवढंच बघा आणि त्याचा ठरावीक अंश इतका वेळ थांबा. मागची फार दूर असेल तर जास्त थांबा, जवळ असेल तर लगेच निघा. प्रत्येक गाडी एवढा एकच नियम पाळते आणि अंतरं हळूहळू आपोआप सारखी होतात. कुणी वरून हुकूम द्यायला नको.

रुळांवर दुखणं वेगळं. तिथे गाड्या एकमेकींना चिकटू नयेत हीच पहिली अट, आणि ती पाळणारी जुनी युक्ती इतकी नेटकी आहे की ती जवळून बघायलाच हवी. रूळमार्गाचे तुकडे पाडलेले असतात, एकेक तुकडा म्हणजे एक ब्लॉक. ब्लॉकच्या एका टोकाकडून रुळात हलका वीजप्रवाह सोडतात. तो एका रुळातून जातो, दुसऱ्या टोकाच्या रिलेमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून, फिरतो आणि शेजारच्या रुळातून परततो. रिलेला प्रवाह मिळतोय तोवर सिग्नल हिरवा. गाडी ब्लॉकमध्ये शिरली की तिची चाकं आणि लोखंडी आस दोन्ही रुळांना जोडून टाकतात, प्रवाहाला परतीची जवळची वाट मिळते, रिलेपर्यंत काही पोचत नाही, रिले गळतो आणि सिग्नल लाल होतो. खरी खुबी पुढे आहे. तार निखळली, वीज गेली किंवा रूळच तडकला, तरीही रिले गळतो आणि सिग्नल लालच होतो. बिघाड झाला तर गाड्या थांबतील, एकमेकींवर आदळणार नाहीत. विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये या वीजमंडलाचं, म्हणजे सर्किटचं, पेटंट घेतलं आणि आजही जगातल्या असंख्य गाड्या त्याच्याच भरवशावर धावतात.

पण या मंडलाला एकच गोष्ट कळते: ब्लॉकमध्ये गाडी आहे की नाही. कुठे आहे, किती वेगात आहे, ते कळत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाची मेट्रो नेहमीच्या ब्रेकने साधारण २५० मीटरांत थांबते. पुढची गाडी ब्लॉक सोडायच्या बेतात असली तरी मागचीला तो अख्खा ब्लॉक भरलेला समजून दूर थांबावं लागतं. ही मोकळी राहिलेली जागा म्हणजे न धावलेल्या गाड्या. नव्या यंत्रणेत, जिला सीबीटीसी म्हणतात, गाडी आपली जागा आणि वेग रेडिओवरून सतत कळवत राहते. मागच्या गाडीला परवानगी मिळते ती पुढचीच्या शेपटापर्यंत, सुरक्षित अंतर सोडून. ब्लॉक जणू गाडीबरोबर सरकत राहतो. त्याच बोगद्यात, त्याच रुळांवर, तासाला आणखी गाड्या मावतात.

हे सगळं चालू मार्गावर करायचं असतं, हा या कामातला सगळ्यात कठीण भाग. पॅरिसची पहिली मेट्रो मार्गिका १९०० मध्ये सुरू झाली. शंभरी ओलांडल्यावर ती विनाचालक करायचं ठरलं, आणि ती शहरातल्या सर्वात गजबजलेल्या मार्गिकांपैकी एक, त्यामुळे महिनोन्‌महिने बंद ठेवणं शक्यच नव्हतं. रात्रीची शेवटची गाडी गेल्यापासून पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत जे काही तास मिळतात, तेवढ्यात फलाटांच्या कडेला काचेचे दरवाजे बसवत गेले. त्या तासांतले सगळेही कामाचे नसतात. वीज बंद झाल्याची खात्री करायची, माणसं आणि सामान आत न्यायचं, आणि पहाटे एकही हत्यार रुळांवर राहिलेलं नाही हे मोजून बाहेर पडायचं. २०११ च्या अखेरीस पहिल्या विनाचालक गाड्या धावल्या आणि पुढे वर्षभर त्या चालकांच्या गाड्यांमध्ये मिसळून धावत होत्या. २०१२ च्या डिसेंबरात शेवटचा चालक उतरला. आता गर्दीच्या वेळी दोन गाड्यांत ८५ सेकंदांचं अंतर ठेवता येतं.

एवढ्या जवळून गाड्या धावायला लागल्या की अडचण रुळांवरून दारांवर येते. ८५ सेकंदांतले अर्धा मिनिट गाडी फलाटावरच असते. दारात अडकलेल्या एका पिशवीसाठी दार पुन्हा उघडलं, की ते पाच-सहा सेकंद मागच्या गाडीला, मग तिच्या मागच्या गाडीला द्यावे लागतात. म्हणून रुंद दारं, फलाटावर रांगेच्या खुणा, आधी उतरू द्या असं सांगणारी माणसं. कोट्यवधींच्या सिग्नल यंत्रणेचं यश शेवटी जिन्याच्या रुंदीवरही ठरतं.

एकेका मार्गाचं अंतर सुधारलं, पण मार्गच चुकीचे आखलेले असतील तर? प्रत्येकाला घरापासून कामापर्यंत थेट बस हवी असते. पाच उपनगरं आणि कामाची पाच ठिकाणं असतील तर थेट जोडणीला २५ मार्ग लागतात. हाताशी असलेल्या गाड्या २५ मार्गांवर वाटल्या की प्रत्येकावर, समजा, तासाला एक बस. सरासरी वाट अर्धा तास. त्याच गाड्या मध्यभागी एकत्र येणाऱ्या पाच मार्गांवर लावल्या तर प्रत्येकावर १२ मिनिटांनी बस. बहुतेकांना एकदा गाडी बदलावी लागेल, दोन ठिकाणी सहा-सहा मिनिटं थांबावं लागेल. एकूण बारा. गाडी बदलूनही लवकर पोचतो, हे पटायला कठीण आहे, पण गणित पक्कं आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टनने २०१५ च्या ऑगस्टमध्ये आपलं बसजाळं जवळजवळ सगळंच एका रात्रीत याच विचाराने बदललं. अट एवढीच की गाडी बदलल्याचा दंड प्रवाशाला बसता कामा नये. जर्मनीतल्या हॅम्बुर्गने १९६५ मध्येच वेगवेगळ्या कंपन्यांना एकत्र आणलं आणि पुढे त्यांच्या गाड्यांना एक भाडं, एक तिकीट लावलं. दक्षिण कोरियातल्या सोलने २००४ मध्ये बस आणि मेट्रोचं भाडं एकूण अंतरावर आणलं, मध्ये किती गाड्या बदलल्या याला महत्त्व उरलं नाही.

रस्त्यावर मोटारी वाढल्या की प्रत्येकाचा वेग घटतो. सार्वजनिक वाहतुकीत याच्या उलट घडू शकतं. प्रवासी दुप्पट झाले म्हणून गाड्या दुप्पट केल्या, तर जुन्या प्रवाशांचीही वाट निम्मी होते. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये हे मांडलं. उतरणीलाही हाच नियम लागू पडतो. तोटा आहे म्हणून फेऱ्या कमी केल्या की वाट वाढते, वाट वाढली की माणसं जातात, माणसं गेली की तोटा वाढतो. कित्येक चांगले मार्ग असे मारले गेले आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

विजेवरच्या बसबद्दल थोडक्यात. चीनमधल्या शेन्झेनने २०१७ च्या अखेरीपर्यंत आपल्या सगळ्या, म्हणजे १६,००० हून अधिक बस विजेवर आणल्या. धूर आणि आवाज घटला, ते उत्तमच. पण चार्ज होत असलेली बस रस्त्यावर नसते. तिची पाळी कधी, चार्जर कुठे, हे वेळापत्रकात नीट बसलं नाही तर नव्या कोऱ्या गाड्या असूनही अंतर बिघडतं.

मग हे अंतर सांभाळलं गेलं की नाही, ते मोजायचं कसं? किती गाड्या वेळेवर सुटल्या हे मोजायची रीत जुनी आहे. लांबच्या गाडीला ती शोभते. पण दर १० मिनिटांच्या मार्गावर सगळ्याच बस बरोबर १० मिनिटं उशिरा धावल्या, तर वक्तशीरपणा शून्य टक्के आणि थांब्यावरच्या माणसाला पत्ताही लागणार नाही. त्याच्यासाठी दहा मिनिटांनी बस येतेच आहे. म्हणून लंडनमध्ये वारंवार धावणाऱ्या बसमार्गांवर जादा वाट मोजतात: गाड्या सारख्या अंतराने आल्या असत्या तर जेवढं थांबावं लागलं असतं, त्याहून प्रवासी सरासरी किती जास्त थांबले. बस चालवणाऱ्या कंपन्यांना मिळणारी बक्षिसी किंवा होणारी कपात याच आकड्याशी बांधलेली आहे. सुरुवातीच्या आपल्या थांब्यावर, जिथे तासाला सहाच्या सहा बस आल्या होत्या, तो आकडा ४ मिनिटं ३ सेकंद भरतो.