फॅशन छायाचित्रणातील कॅमेरा-सामग्रीची निवड

फॅशन छायाचित्रण, कॅमेरा-सामग्रीची निवड : वस्त्रे, अलंकार व ते परिधान करण्याची शैली यांची छायाचित्रे मासिके, सूचिपत्रे व जाहिराती यांसाठी टिपताना कॅमेरा, भिंग आणि प्रकाशसाधने कोणत्या निकषांवर निवडावीत, याचा विचार. व्यक्तिचित्रणाशी या शाखेचे जवळचे नाते असले, तरी तेथे चेहरा साधला की काम भागते. येथे मात्र कापडाचा पोत, घोळ, शिवण आणि रंग ओळखू यावे लागतात. त्यामुळे सामग्री निवडताना पहिला प्रश्न कापडाचा असतो.

या शाखेचा आरंभ कोठून मानावा, याविषयी मतभेद आहेत. प्येर-लुई प्येरसों याने १८५६ पासून काउंटेस दी कास्तील्योने हिची तिच्या उंची वस्त्रांतील अनेक छायाचित्रे घेतली. काही अभ्यासक त्यांपासून आरंभ धरतात. मात्र ती तिच्या स्वतःच्या हौशीखातर काढलेली होती, वस्त्रांच्या प्रसारासाठी नव्हे. एडवर्ड स्टायकेन याने पोल प्वारे या वेशकाराच्या पोशाखांची घेतलेली छायाचित्रे एप्रिल १९११ मध्ये एका फ्रेंच कलाविषयक मासिकात आली. आधुनिक फॅशन छायाचित्रणाची सुरुवात तीच, असे मत अधिक रूढ असून खुद्द स्टायकेनचाही तसा दावा होता. सामग्रीच्या दृष्टीने पाहता १९२० च्या दशकातील पालट त्याहून महत्त्वाचा वाटतो. बॅरन अडॉल्फ द मेयर याची चित्रे पिंकहॅम अँड स्मिथ बनावटीच्या मृदू भिंगामुळे झळाळती पण धूसर असत. स्टायकेन १९२३ मध्ये काँदे नास्त प्रकाशनसंस्थेत आल्यानंतर रेखीव भिंगे व दिव्यांचा नियंत्रित प्रकाश यांना प्राधान्य मिळाले आणि चित्रातले कापड वाचता येऊ लागले.

८ × १० इंची चौकटीचे मोठे कॅमेरे दीर्घकाळ प्रमाण मानले जात. त्यांत तपशील भरपूर येई, पण प्रतिमानाला (मॉडेलला) स्थिर उभे राहावे लागे. १९२९ च्या सुमारास बाजारात आलेल्या रोलायफ्लेक्समुळे ६ × ६ सेंमी. चौकट हातात धरून काम करता येऊ लागले. रिचर्ड ॲव्हेडन याने रोलायफ्लेक्स आणि ८ × १० इंची कॅमेरा दोन्ही वापरले, म्हणजे एकाने दुसऱ्याला लगेच हटवले नाही. १९७० मधील मामिया आरबी ६७ ची मागील चौकट फिरवता येत असे. त्यामुळे जड कॅमेरा आडवा न करता उभे चित्र घेता येई, आणि ६ × ७ सेंमी. हे प्रमाण मासिकाच्या पानालाही जवळचे होते. आजच्या अंकीय कॅमेऱ्यांत मुख्य निवड ३६ × २४, ४४ × ३३ व सुमारे ५३ × ४० मिमी. या आकारांच्या संवेदकांतून (प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरांतून) होते.

शटर व फ्लॅश : संवेदकासमोरील पडदा-शटरमध्ये दोन पडदे असतात. ठरावीक वेगापलीकडे, सहसा १/२०० ते १/२५० सेकंदापुढे, संवेदक एकाच वेळी पूर्ण उघडा राहत नाही. दोन पडद्यांमधली फट सरकत जाते, आणि अशा वेळी फ्लॅश पेटला तर चित्राचा एकच पट्टा उजळतो. पाकळी-शटर भिंगातच असल्याने ही अडचण येत नाही. १९५७ च्या हॅसलब्लाड ५०० सी मध्ये १/५०० पर्यंतच्या सर्व वेगांना फ्लॅश जुळत असे. उन्हात काम करताना हा फरक मोठा ठरतो. तेच छिद्र (भिंगातून प्रकाश आत येण्याची वाट) व तीच फ्लॅशशक्ती ठेवून १/२५० ऐवजी १/५०० वापरले, तर सूर्यप्रकाश निम्मा होतो आणि फ्लॅशचा उजेड तेवढाच राहतो. सर्व बिंदू (पिक्सेल) एकाच क्षणी वाचणाऱ्या संवेदकाचा सोनी ए९-३ हा कॅमेरा २०२३ मध्ये जाहीर झाला, त्यात ही मर्यादा जवळजवळ उरलेली नाही. तथापि फडफडणारे वस्त्र स्टुडिओत गोठवायचे असेल, तर निर्णायक असतो तो फ्लॅशच्या लखलखाटाचा कालावधी. उत्पादक बहुधा ‘टी ०.५’, म्हणजे प्रकाश शिखराच्या निम्म्याहून अधिक असतो तेवढाच काळ, छापतात. प्रत्यक्ष हालचाल कितपत गोठेल हे ‘टी ०.१’, म्हणजे प्रकाश शिखराच्या एक दशांशाहून अधिक असतो तेवढा काळ, यावरून कळते. पारंपरिक दिव्यांत तो साधारण तिप्पट असतो.

मोआरे : बारीक विणीच्या कापडावर चित्रात उमटणाऱ्या, प्रत्यक्षात नसलेल्या लहरी व रंगीत पट्ट्यांना मोआरे म्हणतात. विणीची पुनरावृत्ती आणि संवेदकावरील बिंदूंची जाळी यांच्या परस्परक्रियेतून तो निर्माण होतो. समजा, ६,००० बिंदूंच्या उभ्या चौकटीत २.१ मी. उंचीचा भाग सामावला आहे. मग एका बिंदूच्या वाट्याला ०.३५ मिमी. कापड येते. एक आवर्तन विश्वासाने नोंदवायला किमान दोन बिंदू लागत असल्याने ०.७ मिमी. पेक्षा बारीक वीण धोक्यात येते. ब्राइस बायर याच्या रंगजाळीत (एकस्व म्हणजे पेटंट, १९७६) लाल व निळे बिंदू एकाआड एक असल्याने त्या रंगांसाठी ही मर्यादा १.४ मिमी. पर्यंत जाते, म्हणून मोआरे प्रथम रंगांत दिसतो. सुमारे १० कोटी बिंदूंच्या संवेदकावर उंचीकडे ११,६०० च्या आसपास बिंदू असतात व एका बिंदूला ०.१८ मिमी. कापड येते. अधिक बिंदू घेतल्याने मोआरे नाहीसा होतो ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. तो अधिक बारीक विणीकडे किंवा अधिक अंतराकडे सरकतो इतकेच. प्रकाशीय निम्नगामी फिल्टर थोडी धूसरता आणून त्याला आळा घालतो. निकॉनने २०१२ मध्ये डी८०० आणि या फिल्टरचा परिणाम रद्द केलेला डी८००ई असे दोन पर्याय दिले होते. जरीकाम व चामडे टिपणाऱ्याला दुसरा, तर सुटाचे लोकरी कापड टिपणाऱ्याला पहिला सोयीचा, असे म्हणता येईल. अंतर किंवा कोन किंचित बदलणे हा सर्वांत सोपा उपाय. छिद्र एफ/१६ ठेवल्यास विवर्तनामुळे (अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) प्रकाशबिंदू सुमारे २१ मायक्रॉनचा होतो व वीण विरघळते, पण शिवणीचा रेखीवपणाही जातो. चित्र संगणकाच्या पडद्यावर लहान करून पाहताना दिसणाऱ्या लहरी पुष्कळदा पडद्याच्याच असतात. म्हणून तपासणी १०० टक्के आकारात करावी.

रंग : काही कृत्रिम धाग्यांचे काळे कापड अवरक्त (इन्फ्रारेड) किरण परावर्तित करते. संवेदकावरील अवरक्तरोधक थर पातळ असेल, तर काळा पोशाख जांभळट येतो. २००६ च्या लायका एम८ मध्ये हे प्रकर्षाने दिसले आणि भिंगावर वेगळा फिल्टर लावावा लागला. पांढऱ्या कापडाची अडचण उलट आहे. त्यातील शुभ्रकारक द्रव्ये जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरण शोषून निळा प्रकाश सोडतात, त्यामुळे आवरण नसलेल्या फ्लॅशनळीखाली पांढरा पोशाख निळसर दिसतो. जंबुपार किरण अडवणारे आवरण असलेल्या नळ्या यासाठीच घेतात. विक्रीच्या चित्रांत या बाबी बिंदूंच्या संख्येपेक्षा अधिक मोलाच्या आहेत. प्रत्येक प्रकाशयोजनेत २४ रंगखणांचा तक्ता एकदा टिपून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय होय.

भिंगे : शरीराचे प्रमाण भिंगाच्या केंद्रांतरामुळे (फोकल लेंग्थमुळे) नव्हे, तर कॅमेऱ्याच्या अंतरामुळे बदललेले दिसते. ३६ × २४ मिमी. संवेदकावर पूर्णाकृतीसाठी, वर-खाली थोडी जागा सोडून, ५० मिमी. भिंगाला सुमारे ३ मी., ८५ मिमी.ला ५ मी. व १३५ मिमी.ला ८ मी. अंतर लागते. पार्श्वपडद्यासाठीची जागा याखेरीज. त्यामुळे भिंग घेण्याआधी खोलीची लांबी मोजावी. चालपथावरील (रॅम्पवरील) कामात जागा ठरलेली असते व फ्लॅश सहसा वर्ज्य असतो. तेथे ७०–२०० मिमी. एफ/२.८ भिंग व वेगवान स्वयंकेंद्रण यांना पर्याय नाही. स्टुडिओत कॅमेरा केबलने संगणकाला जोडतात, म्हणजे वेशसज्जाकाराला चुणी किंवा सुटलेला धागा तत्काळ दिसतो व पोशाख अंगावर असतानाच दुरुस्त करता येतो.