पॉर्न सोडणे : व्यावहारिक कारणे

लैंगिक उत्तेजनेसाठी तयार केलेल्या चित्रफिती, छायाचित्रे वा मजकूर पाहण्याची सवय स्वतःहून थांबवणे म्हणजे पॉर्न सोडणे. ही नोंद त्यामागच्या ऐहिक कारणांपुरती आहे. पाप, ब्रह्मचर्य, संस्कार हे मुद्दे इथे घेतलेले नाहीत, कारण ते न मानणारी माणसेही ही सवय सोडतात आणि त्यांची कारणे बऱ्याचदा जास्त टिकाऊ ठरतात. उदाहरणे पुणे शहरातली आहेत. वसतिगृहे, कॉट बेसिसच्या खोल्या, अभ्यासिका आणि हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्या यांमुळे घरापासून लांब राहणारा मोठा तरुण वर्ग इथे आहे, आणि हातात फोन असलेल्या एकट्या माणसाची रात्र हाच या सवयीचा मुख्य मुक्काम असतो.

पार्श्वभूमी

पिवळी पुस्तके, भाड्याचा व्हीसीआर आणि ‘बीपी’ची कॅसेट, नंतर सीडी, त्यानंतर प्लायवुडच्या खुराड्यांचे सायबर कॅफे, असा या वस्तूचा प्रवास महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरासारखाच पुण्यातही झाला. या प्रत्येक टप्प्यावर कुणा ना कुणाच्या नजरेखालून जावे लागे. दुकानदार असे, कॅसेट आणणारा मित्र असे, आणि घर रिकामे होण्याची वाट पाहावी लागे ती वेगळीच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि हे सगळे अडथळे एकदम गेले. पूर्वीच्या पिढीचे चारित्र्य आजच्यापेक्षा बरे होते असे मानण्याला फारसा आधार नाही. त्यांच्या वाटेत गैरसोय जास्त होती, इतकेच.

सरकारी बंदीने ही गैरसोय परत आणण्याचा प्रयत्न झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये केंद्र सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच तो बराच सैल केला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ संकेतस्थळे बंद झाली. व्हीपीएन, म्हणजे आपले ठिकाण लपवून अडवलेली स्थळेही उघडू देणारी सोय, वापरणाऱ्याला त्याने फरक पडला नाही आणि बंद झालेली नावे थोड्या बदलाने पुन्हा उगवली. त्यामुळे सोडायचे की नाही हा प्रश्न शेवटी ज्याचा त्याच्यापाशीच राहिला.

लाज आणि निदान

या विषयावरचा जुना वाद पुण्याला नवा नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि लैंगिक विषयांवर शास्त्रीय भाषेत लिहायला सुरुवात केली. १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा पहिला खटला झाला तो पुण्यातल्या सनातनी मंडळींमुळे. १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. माहिती आणि उत्तेजना यांतली सीमारेषा कर्व्यांच्या विरोधकांना दिसत नव्हती. आज पॉर्नविरोधी प्रचार करणारे बरेचजण तीच चूक करतात आणि लैंगिक शिक्षणालाही त्याच पोत्यात भरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘अनिवार्य लैंगिक वर्तन विकार’ अशी नोंद आहे. ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. हा विकार व्यसनांच्या गटात न घालता आवेगांवर ताबा न राहण्याच्या विकारांत घातलेला आहे. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ ताबा सुटलेला असणे आणि त्यापायी प्रकृती, काम, नाती यांची प्रत्यक्ष हानी होणे, ही त्याची मुख्य लक्षणे. त्यात एक महत्त्वाची अटही आहे: केवळ आपले वागणे अनैतिक वाटते म्हणून होणारा त्रास निदानाला पुरत नाही. म्हणजे महिन्यातून एकदा पाहून आठवडाभर स्वतःला शिव्या घालणारा माणूस आजारी नसतो. अधूनमधून पाहणाऱ्या बऱ्याच प्रौढांचे त्यावाचून काही अडतही नाही. उलट कसलाही अपराधीपणा न वाटणारा, पण रोज रात्री दोन वाजेपर्यंत जागणारा आणि सकाळच्या स्टँडअप मीटिंगला कॅमेरा बंद ठेवणारा माणूस मात्र खरोखर अडचणीत असू शकतो.

इथेच एका जुन्या भीतीचा निकाल लावायला हवा. ‘वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब’ या समजुतीला वैद्यकशास्त्रात आधार नाही. स्टेशनच्या आसपासच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या ज्या जाहिराती रंगवलेल्या दिसतात, त्यांचा धंदा याच भीतीवर चालतो. पॉर्न आणि हस्तमैथुन सोडा असे सांगणाऱ्या, अमेरिकेत २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘नोफॅप’ चळवळीच्या वातावरणात टेस्टोस्टेरॉन वाढल्याचे, चेहऱ्यावर तेज आल्याचे जे दावे केले जातात, ते या समजुतीचेच नवे रूप. पॉर्न सोडण्याला चांगली कारणे असताना ही खोटी कारणे पुढे करण्यात तोटाच आहे: तेज आले नाही की माणूस सगळेच सोडून देतो.

वेळ आणि झोप

सगळ्यात बळकट कारण हे सगळ्यात साधेही आहे. सदाशिव, नारायण, शनिवार पेठांत राज्यसेवेच्या तयारीला आलेल्या मुलाचा दिवस अभ्यासिकेत जातो. रात्री मेसमध्ये जेवून तो खोलीवर येतो. खोलीत तीन-चार कॉट, दिवा मालवण्याची वेळ ठरलेली. मग पांघरूण डोक्यावरून ओढलेले, ब्राइटनेस अगदी कमी, एका कानात इअरफोन आणि दुसरा कान शेजारच्या कॉटच्या करकरीकडे. साडेअकराला ‘पाच मिनिटं’ म्हणून उघडलेला फोन एकला बाजूला पडतो. यातला प्रत्यक्ष पाहण्याचा भाग थोडा असतो. बहुतेक वेळ शोधण्यात जातो. एक चित्रफीत उघडायची, चार सेकंद पाहायची, पुढची, तिच्याखाली सुचवलेली आणखी एक, पंधरा टॅब उघडे आणि हवे ते अजून सापडायचेच. ही संकेतस्थळे अशीच बांधलेली असतात. गिऱ्हाईक समाधानाने उठून गेले तर जाहिरात कुणाला दाखवणार?

रोज पाऊण तास धरला तरी वर्षाचे सुमारे २७४ तास होतात. दिवसाला आठ तासांच्या हिशेबाने हा ३४ दिवसांचा अभ्यास आहे. पूर्वपरीक्षेत एका-दोन गुणांनी यादीबाहेर राहणाऱ्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. झोपेचा हिशेब याच्यापुढचा. सकाळी सातला अभ्यासिकेतली खिडकीजवळची जागा मिळते, पण राज्यघटनेचे तेच पान तिसऱ्यांदा वाचावे लागते. याचे खापर मुले ‘कॉन्सन्ट्रेशन’वर फोडतात, वर्गमित्राकडून ब्राह्मीच्या गोळ्या घेतात आणि रात्रीचा दीड तास हिशेबात धरतच नाहीत.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. बहुतेक वेळा हा तास वासनेपेक्षा कंटाळा, एकटेपणा, निकालाची धास्ती किंवा घरून आलेल्या फोननंतरची अस्वस्थता यांनी भरलेला असतो. पॉर्न ती अस्वस्थता वीस मिनिटे मागे ढकलते आणि नंतर ती आहे तिथेच उभी असते. बऱ्याचजणांना सवय सुटल्यावर पहिल्यांदा कळते की आपल्याला झोप न येण्याचे कारण वेगळेच होते.

जोडीदार

लग्नात किंवा नात्यात पॉर्नचे नुकसान दोन वाटांनी होते. पहिली वाट लपवण्याची. बायको झोपल्यावर बाहेरच्या खोलीत फोन घेऊन बसणे, पावले वाजली की बातम्यांचे ॲप उघडणे, फोनला हात लावला की चिडणे. समजल्यावर बहुतेक बायकांना चित्रफितींपेक्षा हे जास्त लागते. ‘तुझ्यात काही कमी आहे म्हणून नाही’ हे वाक्य अशा वेळी नेहमी बोलले जाते आणि त्यावर कुणाचाही विश्वास बसत नाही. बायकाही पॉर्न पाहतात, हे इथे सांगितले पाहिजे. त्यांच्या बाबतीत उघडकीस येण्याची किंमत मात्र अजून बरीच जास्त असते.

दुसरी वाट अपेक्षांची. आपल्याकडे पॉर्न हेच बहुतेकांचे लैंगिक शिक्षण असते. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांतला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम थांबवला. मोकळी राहिलेली जागा फोनने भरली. पडद्यावर संमती विचारली जात नाही, निरोध क्वचित दिसतो, कुणी ‘दुखतंय, थांब’ म्हणत नाही आणि कित्येक तुकडे जोडून केलेले संकलन अखंड पराक्रम म्हणून समोर येते. ठरवून केलेल्या लग्नात दोघांचीही पहिलीच वेळ असेल, तर नवऱ्याच्या डोक्यात हा नमुना आणि बायकोच्या डोक्यात नुसती धास्ती, अशी गाठ पडते. पुण्यातली ‘तथापि’सारखी संस्था लैंगिकतेवर मराठीत मोकळेपणाने शिक्षण देते, पण तिथवर पोचणारे थोडे.

आकडेवारी जपून वापरावी लागते. अमेरिकेतल्या जनरल सोशल सर्व्हेच्या माहितीवर आधारलेल्या एका अभ्यासात, दोन फेऱ्यांच्या दरम्यान पॉर्न पाहायला लागलेल्या विवाहितांत घटस्फोटाची शक्यता सुमारे ६ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेलेली दिसली. पण आधीच बिनसलेल्या संसारातली माणसे पॉर्नकडे वळत असतील, तरी आकडा असाच येईल.

शरीर आणि मेंदू

याबाबत जितके बोलले जाते तितके सिद्ध झालेले नाही. बर्लिनमध्ये ६४ पुरुषांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जास्त पॉर्न पाहणाऱ्यांच्या मेंदूतल्या एका भागात करड्या द्रव्याचे प्रमाण कमी आढळले; पॉर्नमुळे ते कमी झाले की मुळात तशी घडण असलेले जास्त पाहतात, हे त्यावरून ठरत नाही. शिश्नाच्या ताठरतेच्या तक्रारींचेही तसेच. पडद्यासमोर अडचण नाही आणि जोडीदाराजवळ मात्र आहे, असे सांगणारे तरुण डॉक्टरांकडे येतात. काहींना पॉर्न थांबवून फरक पडतो. पण मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, चिंता ही कारणे आधी तपासायची असतात, त्यामुळे परस्पर निष्कर्ष काढू नये.

पडद्यावरची माणसे

ग्राहकाचा स्वतःचा फायदा-तोटा बाजूला ठेवला तरी एक कारण उरते, आणि या नोंदीच्या मते नैतिक असूनही ते धर्मावर अजिबात अवलंबून नाही. समोरच्या चित्रफितीतली व्यक्ती राजीखुशीने तिथे आहे की नाही, हे पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये २२ स्त्रियांना सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर भरपाई मंजूर केली. चित्रीकरण इंटरनेटवर येणार नाही असे खोटे सांगून एका पॉर्न संकेतस्थळाच्या चालकांनी त्यांना फसवले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, व्हिसा आणि मास्टरकार्डने व्यवहार थांबवल्यावर, पॉर्नहब या मोठ्या पॉर्न संकेतस्थळाने ओळख न पटवलेल्या खात्यांच्या लाखो चित्रफिती काढून टाकल्या. तोवर त्या कोट्यवधी लोकांनी पाहिलेल्या होत्या. ‘हॉस्टेल’, ‘एमएमएस’, ‘लीक’ अशा नावांनी आपल्याकडे जे फिरते, त्याची तर विक्रीच संमती नसण्यावर होते. लॉजच्या खोलीत लपवलेल्या कॅमेऱ्याची बातमी वाचून हळहळणारा माणूस रात्री तसलेच शीर्षक उघडतो, आणि त्या दोन गोष्टींचा संबंध त्याच्या लक्षात येत नाही.

पैसा, नोकरी, कायदा

पॉर्न फुकट असते हा समज अर्धाच खरा. २०१९ मध्ये २२,४८४ पॉर्न संकेतस्थळे तपासणाऱ्या एका अभ्यासात ९३ टक्के स्थळे वापरणाऱ्याची माहिती त्रयस्थ कंपन्यांकडे जाऊ देत असल्याचे दिसले. इन्कॉग्निटो खिडकी फक्त फोनवरचा इतिहास पुसते; कंपनीच्या लॅपटॉपवर वा वायफायवर काय उघडले ते आयटी विभागाला दिसते, आणि नोकरी जायला एकदाचे पुरते.

सेक्सटॉर्शनचा धोका याहून मोठा. अनोळखी मुलीची रिक्वेस्ट येते, गप्पा होतात, व्हिडिओ कॉल येतो, पलीकडे कपडे उतरवले जातात आणि इकडचा चेहरा रेकॉर्ड होतो. दुसऱ्या दिवशी ‘पोलीस अधिकारी’ फोन करून चित्रफीत यूट्यूबवरून काढायचे पैसे मागतो. पुण्यात २०२२ मध्ये अशा धमक्यांपायी तरुणांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या होत्या. पैसे दिल्याने मागणी थांबत नाही. सोशल मीडियावरचे खाते बंद न करता स्क्रीनशॉट ठेवावेत, १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला कळवावे आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगावे.

प्रौढाने प्रौढांचे पॉर्न खासगीत पाहणे हा भारतात स्वतंत्र गुन्हा नाही. ते पुढे पाठवणे मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ आणि ६७अ खाली येते. मित्रांच्या ग्रुपवरचा फॉरवर्डही त्यात बसतो. अल्पवयीन मुलांचा समावेश असेल तर पाहणे आणि जवळ बाळगणेही गुन्हा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले.

सोडण्याच्या रीती

निर्धारापेक्षा गैरसोय जास्त उपयोगी पडते. फोन रात्री खोलीबाहेर चार्जिंगला लावणे आणि उठण्यासाठी मंडईजवळून साधे गजराचे घड्याळ आणणे, हा उपाय हास्यास्पद वाटतो पण चालतो. फोनमधले डिजिटल वेलबीइंग उघडून आठवड्याचे तास बघणे, नको ती स्थळे अडवणारी डीएनएस सेटिंग लावून तिचा पासवर्ड मित्राकडे ठेवणे, अंथरुणात फोन न घेणे, याही त्याच जातीच्या युक्त्या. दिवस मोजण्याची ‘स्ट्रीक’ काहींना आधार देते; पण चाळिसाव्या दिवशी घसरलेला माणूस ‘सगळं वाया गेलं’ म्हणून त्याच रात्री पाच तास घालवतो, हा तिचा दोष. चाळीस दिवस झोप झाली ती झालीच.

येरवड्याच्या ‘मुक्तांगण’ने १९८६ पासून व्यसनाकडे पाप म्हणून न बघता उपचाराची गोष्ट म्हणून बघायला पुण्याला शिकवले. त्या धर्तीवर इथेही स्वतःच्या प्रयत्नाने जमत नसेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठता येतो. विचार आणि सवयींवर काम करणारी वर्तनोपचार पद्धती अशा तक्रारींत वापरली जाते आणि सोबत नैराश्य वा चिंता असेल तर तिच्यावर औषध मिळते. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. खर्च किंवा ओळखीचे कुणी भेटण्याची धास्ती असेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.