चौथा वादक बेकायदा: न्यूयॉर्कच्या कॅबरे कायद्याची पार्श्वभूमी

अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती 1791 ची. भाषणस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या त्याच वाक्यात शेवटी आणखी एक हक्क आहे: गाऱ्हाणे घेऊन सरकारकडे दाद मागण्याचा. भाषणस्वातंत्र्यावर कोर्टात खल होतो, दाद मागण्याच्या हक्काकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. न्यूयॉर्कच्या छोट्या क्लबांमधल्या संगीताला दोन्हींची गरज पडली, आणि त्यात तब्बल 91 वर्षे गेली.

कायदा आला 1926 मध्ये. देशात दारूबंदी होती आणि हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीतल्या जॅझ क्लबांत काळे-गोरे एकत्र येऊन नाचत होते. जिथे खाणेपिणे विकले जाते तिथे गाणे, वाजवणे किंवा नाचणे व्हायचे असेल, तर कॅबरे परवाना घेणे सक्तीचे झाले. पुढे सवलत आली, पण तिची रचना पाहण्यासारखी आहे. पियानो, गिटार, व्हायोलिन अशी वाद्ये वाजवणारे तीन जणांपर्यंत असतील तर परवाना नको. ड्रम, ट्रम्पेट, सॅक्सोफोन मात्र नकोत. म्हणजे पियानो, गिटार आणि डबल बास घेऊन तिघे कोपऱ्यात बसले तर मालक निर्धास्त. सॅक्सोफोनवाला येऊन सुरात सूर मिळवू लागला की गुन्हा. जॅझ ज्या वाद्यांवर उभा आहे, नेमकी तीच वगळलेली. हा योगायोग होता असे मला वाटत नाही.

त्याहून क्रूर होते ते कॅबरे कार्ड. 1940 पासून क्लबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक कलाकाराला पोलिसांकडे बोटांचे ठसे देऊन हे कार्ड घ्यावे लागे, आणि पोलीस ते काढूनही घेऊ शकत. अमली पदार्थांच्या प्रकरणात 1947 मध्ये शिक्षा झाल्यावर जॅझ गायिका बिली हॉलिडे यांचे कार्ड गेले. मार्च 1948 मध्ये त्यांनी कार्नेगी हॉल हे शहरातले नामांकित सभागृह तुडुंब भरवले, पण दारू विकणाऱ्या साध्या क्लबात गायची त्यांना मुभा नव्हती. जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक यांचे कार्ड 1951 मध्ये गेले. ते परत मिळाल्यावर 1957 मध्ये ‘फाइव्ह स्पॉट’ या क्लबमध्ये ते दीर्घकाळ वाजवू शकले. मधली सहा वर्षे, ऐन उमेदीतली, शहराने हिरावून घेतली. त्या रात्रींचे संगीत आता कोण परत देणार? कार्डे रद्द झाली 1967 मध्ये.

वादकांची बंधने कोर्टात तुटली. व्हायब्राफोनवादक वॉरन शियासन आणि इतर कलाकारांच्या वतीने वकील पॉल शेविग्नी लढले, संगीतकारांची युनियन पाठीशी होती. वाद्यांमधला भेदभाव 1986 मध्ये आणि तिघांची मर्यादा 1988 मध्ये गेली. आधार होता पहिल्या दुरुस्तीचा. पाठोपाठ 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सेंट्रल पार्कमधल्या मैफलींच्या खटल्यात संगीत ही संरक्षित अभिव्यक्ती असल्याचे मान्य केले. आवाज किती असावा हे मात्र शहर ठरवू शकते, असेही सांगितले.

नाच तेवढा अडकून राहिला. करमणुकीसाठी केलेला सामूहिक नाच पहिल्या दुरुस्तीच्या कक्षेत येत नाही, असा निकाल त्याच न्यायालयाने त्याच वर्षी डॅलसच्या एका प्रकरणात दिला होता. 1990 च्या दशकात महापौर रुडी जुलियानी यांच्या काळात या कायद्याचा बडगा पुन्हा उगारला गेला. बँड वाजतोय, ऐकणाऱ्यांचे पाय थिरकताहेत, आणि त्या थिरकण्यासाठी दंड मालकाला. संगीत मोकळे झाले म्हणायचे, पण अंगात भिनलेली लय बेकायदाच. पुढे न्यूयॉर्कच्या न्यायालयांतही नाचणाऱ्यांची बाजू टिकली नाही.

कोर्टाचे दार बंद झाल्यावर नगरसेवकांचे दार उरले, आणि लोकांनी ते सोडले नाही. निवेदने गेली, सह्या गोळा झाल्या, संगीतकार आणि बारमालक सुनावणीत उभे राहिले. त्यांच्या हाती ठोस मुद्दे होते. खाण्यापिण्याच्या सुमारे 25,000 जागांपैकी शंभरांकडेही परवाना नव्हता, म्हणजे बाकी सगळ्यांवर टांगती तलवार. शिवाय डिसेंबर 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ‘घोस्ट शिप’ गोदामात कार्यक्रमाच्या वेळी लागलेल्या आगीत 36 जण गेले होते. परवान्याच्या धाकाने लोक चोरून जमतात आणि मग सुरक्षेची तपासणी तिथवर पोचतच नाही, हे सांगणे त्यानंतर कोणाला झटकून टाकता आले नाही.

ब्रुकलिनचे नगरसेवक राफाएल एस्पिनाल यांनी विधेयक मांडले. 31 ऑक्टोबर 2017 रोजी ते 44 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झाले आणि नोव्हेंबरअखेर महापौर बिल डी ब्लासिओ यांनी त्यावर सही केली. तरी जमीनवापराच्या नियमांत नाचावरची वेगळी बंधने शिल्लकच होती. तीही हटवणारी सुधारणा कौन्सिलने जून 2024 मध्ये मंजूर केली.